हसण्याची किंमत कोण मोजतो?

सातवीचा तास चालू होता. एक मुलगा धडा वाचायला उभा राहिला. बोलताना त्याची जीभ अडखळते. मागच्या बाकावरून वर्गातला सर्वांचा लाडका, हजरजबाबी मुलगा त्याची नक्कल करू लागला. नक्कल हुबेहूब होती. वर्ग खदखदून हसला आणि मलाही हसू आवरले नाही. वाचणाऱ्या मुलाने पुस्तक मिटले आणि तो खाली बसला. बी.एड.ला बालमानसशास्त्राचा पेपर मी चांगल्या गुणांनी सोडवला होता. त्या क्षणी त्यातले काही आठवले नाही.

विनोदी सिनेमाबद्दल म्हणतात की नायक मनातून उतरला की सिनेमाही उतरतो. पण माझ्या वर्गातला नकलाकार तर सगळ्यांचा आवडता होता. मग नायक मनातून उतरतो तो नेमका कशामुळे? तो सज्जन नसल्यामुळे?

माझे अब्बा परळच्या गिरणीत होते. ऐन तारुण्यात, १९७१ साली, त्यांनी दादरच्या कोहिनूर टॉकीजमध्ये दादा कोंडक्यांचा ‘सोंगाड्या’ पाहिला. त्यातला नाम्या आईच्या धाकात वाढलेला, तमाशाच्या नादी लागलेला भाबडा माणूस. अब्बा सांगत, “नाम्याची फजिती झाली की आपलीच झाल्यासारखं वाटायचं.” परळ-लालबागचा कामगार नाम्याला हसत होता तेव्हा तो स्वतःलाही हसत होता. तिथे हसण्याची किंमत नाम्याच मोजत होता.

पण नायक भाबडाच असावा लागतो असेही नाही. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) मधले चौघे तरुण घरमालकिणीला सरळसरळ फसवतात. तरीही ते आपल्याला परके वाटत नाहीत. डोक्यावर छप्पर नसले की माणूस काय काय करतो, हे चाळीतल्या माणसाला सांगावे लागत नाही. शिवाय खोटेपणाचे हालही त्यांचेच होतात. साडी नेसून दोघांना दिवस काढावे लागतात आणि शेवटी बिंग फुटते.

खरी परीक्षा सई परांजपे यांच्या ‘कथा’ (१९८३) मध्ये आहे. एस. जी. साठ्ये यांच्या ‘ससा आणि कासव’ या नाटकावरचा हा सिनेमा मुंबईच्या चाळीत घडतो. गरीब कारकून राजाराम म्हणजे नसीरुद्दीन शाह आणि त्याच्या खोलीत आयता येऊन राहणारा बाशू म्हणजे फारूख शेख. बाशू थापाड्या, पण इतका गोड की सगळी चाळ त्याच्यावर खूश. आपणही खूश असतो. मग तो संध्याला लग्नाची आशा दाखवतो, तिला फसवतो आणि पळून जातो. तिथे आपले हसू घशात अडकते. इतका वेळ आपण कुणाच्या बाजूने हसत होतो, याची लाज वाटते.

तरीही ‘कथा’ बिघडत नाही, कारण सिनेमा आपल्याला ती लाज वाटू देतो. संध्या राजारामपासून काही लपवत नाही आणि राजाराम तिचा हात धरतो. बाशूच्या गोडव्याची किंमत कुणी मोजली, हे दिग्दर्शिका विसरत नाही. हीच फसवणूक एक गंमत म्हणून उडवून लावली असती, तर फारूख शेखच्या हसऱ्या चेहऱ्यानेही सिनेमा वाचला नसता.

उर्दूत दोन शब्द आहेत, मिजाह आणि तजहीक. मिजाह म्हणजे विनोद, तजहीक म्हणजे दुसऱ्याला हसण्याचा विषय करणे. नायक लबाड असला म्हणून मिजाह मरत नाही. आपल्यापेक्षा दुबळ्याच्या जिवावर तो हसवू लागला आणि सिनेमाने त्याला शाबासकी दिली, की मिजाहची तजहीक होते. ‘गोलमाल ३’ (२०१०) मध्ये श्रेयस तळपदेचे पात्र अडखळत बोलते आणि त्या अडखळण्यावर हशा मिळवला जातो. माझ्या वर्गातल्या त्या मुलाने तो टीव्हीवर पाहिला असेल, तर घरच्यांसोबत तोही हसला असेल का?

दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर म्हटले, “काल मीही हसले. माझं चुकलं.” वर्ग गप्प झाला. मग नकलाकाराला पुढे बोलावले आणि उशिरा आल्यावर तो स्वतः फाटकाशी काय काय सबबी सांगतो, त्याची नक्कल करायला सांगितली. आधी तो लाजला, मग रंगात आला. वर्ग पोट धरून हसला, तोही हसला. अडखळणारा मुलगासुद्धा हसला.

पण धडा वाचायला तो अजून उभा राहिलेला नाही. नायकाला वर्गाने केव्हाच माफ केले आहे. त्या मुलाने मला केले आहे की नाही, ते मला ठाऊक नाही.