पडद्याआडचा दिवा

हनुक्का जवळ आला की मक्काबींच्या पराक्रमाची आणि एका दिवसाच्या तेलावर आठ दिवस तेवलेल्या दिव्याची कथा आपण सर्वजण वाचतो व मुलांना सांगतो. ती वाचकांना तोंडपाठ असल्यामुळे मी पुन्हा सांगत नाही. त्या कथेतून निघणारा एक प्रश्न मात्र आपणांपुढे ठेवावा असे वाटते. ज्या देशात आपला धर्म चारचौघांत सांगण्याची सोय नाही, तेथे पडदा ओढून लावलेला हनुक्काचा दिवा हा विवेक म्हणावा की भित्रेपणा?

मी शिक्षक. शिक्षण अलिबागकडे झाले आणि नोकरीची बरीच वर्षे कुवेतमधील सालमिया येथे गेली. आता निवृत्त असून हिवाळ्याचे दिवस तेथेच मुलाच्या घरी काढतो. लेखाखाली माझे नाव छापू नये अशी संपादकांस विनंती केली आहे. हाही एक पडदाच आहे, हे मी जाणून आहे. म्हणून या विषयावर मी दुसऱ्या कोणाचा न्याय करीत नाही, आमच्या घरातील प्रश्न मांडतो आहे, एवढेच.

सालमिया ही समुद्रकाठची दाट वस्ती. तेथे भारतीय इतके की बाजारात चालता चालता मराठी कानावर पडते. मुंबईचा आणि कुवेतचा संबंध खनिज तेलाच्या पुष्कळ आधीचा आहे. मोती आणि खजूर घेऊन तेथील गलबते मुंबईच्या बंदरात येत, आणि १९६१ साली दिनार सुरू होईपर्यंत त्या मुलखात रुपयाच चालत असे. उन्हाळा मात्र आपल्या कल्पनेपलीकडचा. २०१६ च्या जुलैमध्ये मित्रिबा या ठिकाणी पारा ५४ अंशांच्या जवळ गेला होता. त्यामुळे युरोपात थंडी आली म्हणजे लोक दारे लावून आत बसतात, तर येथे थंडी आली म्हणजे लोक बाहेर पडतात. सप्टेंबरच्या आरंभी पहाटे सुहैल तारा दिसू लागला की अरब माणूस उन्हाळा सरला म्हणतो. हा सुहैल म्हणजे आपला अगस्ती. डिसेंबरात 'मुरब्बानिया' नावाची सुमारे चाळीस दिवसांची थंडी सुरू होते. वाळवंटात तंबू पडतात, शेकोट्या पेटतात, चहाच्या किटल्या चढतात. त्या शेकोट्या पाहिल्या की मला रेवदंड्याकडची पोपटी आठवते : मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या कोवळ्या शेंगा, आणि भोवती जाळ. माणूस कोठलाही असो, थंडीचे स्वागत तो विस्तवानेच करतो.

याच दिवसांत आपला हनुक्का येतो. किसलेव महिन्याच्या पंचविसाव्या तारखेपासून आठ दिवस, म्हणजे कार्तिकातल्या किंवा मार्गशीर्षातल्या अमावास्येच्या आगेमागे. वर्षातल्या सर्वांत लांब रात्री, आणि त्यांतही चंद्र नसलेल्या. दिवा लावावयाचा तो अशा वेळी. आणि येथेच आमच्या घरात पेच पडतो. आठ महिने वातानुकूलन यंत्राच्या घरघरीत बंद असलेल्या खिडक्या थंडीत उघडतात. सारी इमारत समुद्राचा वारा घेते. आणि त्याच आठवड्यात संध्याकाळी आम्ही एक खिडकी लावून घेतो व तिच्यावर पडदा ओढतो.

गेल्या काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा नातू तेव्हा सात वर्षांचा होता. दिवा लावून झाल्यावर त्याने विचारले, "आजोबा, शेजारचे काका दिवाळीत गॅलरीत पणत्या लावतात. आपण पडदा का लावतो? आपण काही वाईट करतो आहोत का?" चाळीस वर्षे मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देण्यात गेली, पण या प्रश्नाचे उत्तर घाईने देण्यासारखे नव्हते. "नाही रे बाळा" म्हणणे सोपे आहे. परंतु मूल आपल्या शब्दांवरून शिकत नाही, पडद्यावरून शिकते. दरवर्षी जे झाकले जाते ते लाजिरवाणे असले पाहिजे, असा अर्थ त्याने घेतला तर दोष कोणाचा?

धर्मशास्त्रात या प्रश्नाचा विचार झाला आहे. तालमूदमध्ये सांगितले आहे की हनुक्काचा दिवा दाराबाहेर ठेवावा. ज्याचे बिऱ्हाड माडीवर असेल त्याने रस्त्याकडच्या खिडकीत ठेवावा. बाजारातून परतणाऱ्या शेवटच्या माणसालाही तो दिसावा, अशा बेताने त्याची वेळ ठरविली आहे. त्या उजेडात वाचायचे नाही, शिवायचे नाही. तो केवळ पाहण्यासाठी असतो. म्हणजे तो घर उजळण्याचा दिवा नव्हे, साक्ष देण्याचा दिवा आहे. परंतु तेथेच पुढे असेही म्हटले आहे की संकटाच्या काळी तो आपल्या मेजावर ठेवला तरी पुरे. पुढील काळातील धर्मपंडितांनीही घरातल्या माणसांनी दिवा पाहिला म्हणजे साक्ष झाली, असे मानले. आणखी एक नियम मला फार मोलाचा वाटतो. एखाद्या गरिबाजवळ एकाच दिव्यापुरते पैसे असतील, तर त्याने आधी घरातला दिवा लावावा, हनुक्काचा मागून. कारण घरातली शांती ही चमत्काराच्या जाहिरातीपेक्षा मोठी.

तेव्हा पडदा शास्त्राला मान्य आहे. पण 'संकट' कशाला म्हणावे? हा खरा नाजूक भाग आहे. कुवेतच्या १९६२ च्या राज्यघटनेत श्रद्धेचे स्वातंत्र्य दिले आहे, आणि रूढीस धरून धर्माचरण करण्यास संरक्षणही आहे. आमचे दार कोणी रागाने ठोठावले, असे कधी झालेले नाही. त्याचबरोबर हेही खरे की तेथे आज सिनेगॉग नाही, ज्यू समाज नाही. इराककडून आलेली काही ज्यू कुटुंबे पूर्वी तेथे राहत होती. सालेह आणि दाऊद हे प्रसिद्ध गायक-वादक बंधू त्यांच्यापैकीच. त्यांचा जन्म विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस कुवेतमध्ये झाला. ते पुढे इराकमध्ये नावारूपास आले आणि १९५१ मध्ये इस्राएलात गेले. तरी जन्मभर 'अल-कुवेती' हेच नाव त्यांनी लावले. ती वस्ती राहिली नाही. आज परदेशी नोकरदाराचा परवाना मालकाच्या हाती असतो, आणि सीमेपलीकडे युद्ध पेटले की 'यहुदी' हा शब्द त्या प्रदेशात केवळ धर्माचे नाव राहत नाही. म्हणजे आमचे संकट जिवाचे नव्हे, पोटापाण्याचे. आणि तेही नक्की नाही, अंदाजाचे. अंदाजाच्या भयाला शास्त्रातील सवलत घेता येईल काय?

या जागी आपल्या पूर्वजांकडे पाहावेसे वाटते. आपण कोकणातले 'शनवार तेली'. नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून उतरलेल्या सात जोडप्यांची परंपरा आपण सांगतो. त्यांच्या वंशजांनी गावोगाव तेलाचे घाणे घातले. पिढ्यान् पिढ्या तेल गाळणाऱ्या या लोकांना तेलाचा सण मात्र ठाऊक नव्हता! नव्याचा सण होता, दरफळणीचा होता, अनाशी ढाकण्याचा होता, बिरड्याचा रोजा होता, हनुक्का नव्हता. हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी १८९७ साली लिहिलेल्या आणि १९३७ मध्ये छापल्या गेलेल्या आपल्या इतिहासात यावरून असा तर्क केला की आपले पूर्वज मक्काबींच्या विजयापूर्वीच मायदेश सोडून निघाले असावेत. इतरांनी तो मानला नाही. सण कालांतराने विसरलाही गेला असेल. ते काहीही असो, एकोणिसाव्या शतकात कोचीनकडील गुरुजनांनी आपल्याला पंचांग आणि प्रार्थना नीट शिकविल्या, आणि मग हा सण आपल्या घरांत रुजला.

मग तोपर्यंत साक्ष नव्हती काय? होती. शनिवारी बेने इस्राएलाचा घाणा फिरत नसे. गावातले दुसरे तेली सोमवारी घाणा बंद ठेवीत, आपले शनिवारी. बाजाराचा दिवस असो की लग्नसराई, बैल सोडलेलाच. कोणी दारात दिवा ठेवला नाही, कोणाला आपला धर्म समजावून सांगितला नाही; तरी साऱ्या गावाला कळत होते, आणि गावाने नावही तेच ठेवले. त्या साक्षीला एका दिवसाच्या कमाईची किंमत मोजावी लागे. २००७ पासून कुवेतमध्ये शुक्रवार-शनिवार अशी सुट्टी झाली आहे. आता शनिवार फुकट मिळतो. तो सुखाचा आहे, पण तिला साक्ष म्हणता येणार नाही.

मात्र पूर्वजांचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरू नये. त्यांच्या शेजाऱ्यांनी त्यांना कधी छळले नाही. मेजावर ठेवलेल्या दिव्याची कला स्पेनमधल्या यहुद्यांना शिकावी लागली. आपल्याला कोकणाने ती वेळ येऊ दिली नाही. उघड्या दाराचे धैर्य काही अंशी आपले असते, काही अंशी शेजाऱ्यांचे असते. नोव्हेंबर २००८ मध्ये नरिमन हाऊसमध्ये निरपराध माणसे मारली गेली, आणि महिना उलटण्याच्या आत गेटवे ऑफ इंडियापाशी हनुक्काचा दिवा उघडपणे लागला. लावणाऱ्यांचे धैर्य थोरच. पण मुंबई त्यांच्या पाठीशी होती. दुबईत २०२० च्या डिसेंबरात बुर्ज खलिफाच्या पायथ्याशी दिवे लागले, कारण तेथल्या राज्यकर्त्यांनी दार उघडले होते. कुवेतने ते उघडलेले नाही. बंद दारावर डोके आपटणे म्हणजे शौर्य नव्हे, विशेषतः डोके मुलाचे आणि नातवाचे असेल तेव्हा.

यावरून माझ्या अल्पमतीप्रमाणे मी जे ठरविले ते असे. झाकणे वेगळे आणि नाकारणे वेगळे. पडदा ओढणे हे मौन आहे. विचारणाऱ्याला "आम्ही ते नव्हेच" असे सांगणे हे असत्य आहे. मौनाला सवलत आहे, असत्याला नाही. दुसरे असे की भयाला सवलत आहे, संकोचाला नाही. लोक हसतील, वेगळे समजतील, एवढ्याचसाठी पडदा ओढत असू, तर तो ओढू नये. भय आणि संकोच बाहेरून सारखेच दिसतात; ते वेगळे करण्याचे काम प्रत्येकाने स्वतःशी प्रामाणिक राहून करावयाचे आहे. आणि तिसरे : पडदा बाहेरच्यांसाठी असावा, घरातल्यांसाठी नसावा. ज्या घरात मुलांना पडद्याचे कारण सांगितले जात नाही, त्या घरात दिवा असूनही अंधारच.

नातवाला मी हेच त्याच्या भाषेत सांगितले. "वाईट गोष्ट झाकतात, तशी जपायची गोष्टही झाकतात. वारा असला की पणतीला आपण हाताचा आडोसा धरतो. तो लाजेने धरतो का?" तो काही वेळ दिव्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "पण वारा पडल्यावर हात काढायचा ना?" या प्रश्नाला मी "होय" म्हटले. तो हात योग्य वेळी काढण्याची जबाबदारी आता त्याच्या पिढीवर आहे, आणि वारा पडला की नाही हे पाहत राहण्याची आमच्यावर.

आणखी एक लहानशी हकिकत. आमच्या मजल्यावर रत्नागिरीकडच्या एक बाई राहतात. तळणीचा वास आल्यावर त्यांनी सुनेला विचारले, "तुमची दिवाळी एवढी उशिरा कशी?" सरळ प्रश्नाला सरळ उत्तर, हा आमच्या घरचा नियम. सुनेने खरे ते सांगितले. बाईंनी एवढेच विचारले की आठ दिवसांत वाती किती लागतात. रोज एक वाढता दिवा आणि सोबत लावणारा शमाश, असे धरून ४४ होतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी हाताने वळलेल्या ४४ वाती कागदात बांधून आणून दिल्या. रस्त्याने जाणाऱ्या हजारांना दिवा दिसला नाही. एका शेजारणीला दिसला, आणि तिने त्यात आपला कापूस घातला. साक्ष याहून निराळी काय असते?

इस्राएलातील आमच्या बंधु-भगिनींना हा सारा विचार दूरचा वाटेल. तेथे खिडकीखिडकीत हनुक्किया असते, शाळांना सुट्टी असते, आणि ते पाहून आम्हांला आनंदच होतो. पण जेथे सर्वांच्याच खिडकीत दिवा आहे तेथे आपली साक्ष कोणती, हा प्रश्न तुम्हांलाही सुटलेला नाही. शनवार तेल्याचा घाणा आठवून त्याचे उत्तर शोधावे : कोणत्या गोष्टीसाठी आपण आज आपला फायदा सोडतो? ती गोष्ट सापडली तर दिवा खिडकीत असो वा मेजावर, तो लागलेलाच आहे.

सर्वांना हनुक्काच्या व थंडीच्या शुभेच्छा. ज्यांना खिडकी उघडता येते त्यांनी ती आमच्या वतीनेही उघडावी.