माणूस धरायचा की जागा राखायची

फुटबॉलमध्ये बचावाची रचना बदलायची म्हणजे मुलांच्या जागा बदलायच्या, असं समजलं जातं. फळ्यावर मागच्या चारांचे तीन करायला क्षण पुरतो. बदलावी लागते ती नजर. मॅन मार्किंगमध्ये प्रत्येकाला एकेक माणूस नेमून दिलेला असतो. गोल झाला की ‘तुझा माणूस सुटला’ म्हणून बोट दाखवता येतं. झोनल बचावात जागा राखायची. चेंडू डावीकडे गेला की उजव्या बॅकनेही आत सरकायचं, आपल्या बाजूचा विंगर मोकळा दिसत असला तरी. बारा वर्षांच्या मुलाला हे जड जातं, कारण पुढचं शेजाऱ्यावर सोपवावं लागतं. म्हणून प्रशिक्षकाने आधी स्वतःची रागावण्याची रीत बदलावी, असं मला ठामपणे वाटतं. ‘कुणाचा माणूस?’ हा प्रश्न बंद. चौघांना एकत्र बोलावून विचारावं, ‘जागा कुठे उघडली?’

ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या मुलांना हे परकं नाही, कारण इथे कबड्डी मुरलेली आहे. चढाईपटू डाव्या कोपऱ्याकडे वळला की उजवा कोपरा स्वस्थ उभा राहत नाही, आत येऊन परतीची वाट दाबतो. गडी बाद होत जातात तशी सातांची साखळी सहांची, पाचांची होते. एकाच सामन्यात रचना कितीदा तरी बदलते. हात धरलेला असतो, त्यामुळे शेजारी कुठे आहे हे वळून पाहावं लागत नाही. फुटबॉलमध्ये चार बॅकना एक दोरी धरून सरकायला लावतात, ते याचसाठी.

मोठ्या संघांनाही ही नजर सरावानेच येते. २४ सप्टेंबर २०१६ रोजी आर्सेनलविरुद्ध ०-३ असे मागे असताना चेल्सीचा तेव्हाचा प्रशिक्षक अँतोनिओ काँतेने मागच्या फळीत तीन जण ठेवले. पुढे संघाने लीगचे सलग १३ सामने जिंकले आणि विजेतेपदही. पण युव्हेंटस आणि इटलीच्या संघांकडून काँतेने तिघांचा बचाव आधी वर्षानुवर्षं घोटून घेतला होता, हे विसरून चालत नाही.

घोटायला मैदान लागतं. पूर्ण मैदान साधारण १०५ मीटर लांब, ६८ मीटर रुंद. डोंबिवलीच्या भागशाळा मैदानावर किंवा कल्याणच्या सुभाष मैदानावर जागा क्रिकेटशी वाटून घ्यावी लागते, म्हणून मुलं जाळीतल्या टर्फकडे वळतात. तिथे पाय छान तयार होतात. पण पाच-पाचच्या त्या खेळात ऑफसाइड नसतो, दोन बॅकमधलं अंतर चार पावलांचं. बचावाची लाइन कधी पुढे न्यायची, हे तिथे कळणार कसं? ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी आठवड्यातली एक सकाळ तरी एकेक पूर्ण मैदान शालेय फुटबॉल संघांसाठी राखून ठेवावं, चुना मारून, गोलपोस्ट उभे करून.