चुकलेल्याने आपली चूक ओळखावी कशी?

मल्टिक्स नावाच्या जुन्या संगणक-प्रणालीच्या पोटात एक लॅटिन वाक्य दडलेलं होतं: 'होदिए नातुस एस्त रादिकी फ्रातेर.' आज मुळाला भाऊ झाला, असा त्याचा अर्थ. बर्नार्ड ग्रीनबर्ग या प्रोग्रामरने नाताळच्या एका लॅटिन स्तोत्राच्या वळणावर ते रचलं. मल्टिक्समधल्या सगळ्या फायली आणि डिरेक्टऱ्या एकाच 'रूट'मधून फुटतात. रूटला आई-बाप नाहीत, मग भावंडं कुठून असणार? तरीही प्रणालीला कधी रूटच्या शेजारी दुसरं कुणी दिसलंच, तर तिने हे वाक्य छापायचं होतं. जो एकमेव आहे त्यालाच जोडीदार सापडला तर काय बोलावं, याची तजवीज या पठ्ठ्याने आधीच करून ठेवली होती.

यातला विनोद बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतोच. जे घडणं शक्यच नाही ते घडतंय की काय, हे तपासणारी ओळ कुणी का लिहावी? आपलं गृहीतक चुकू शकतं अशी शंका असल्याशिवाय ती लिहिली जात नाही. आणि ज्या यंत्राची गृहीतकं ढासळली आहेत, त्याच यंत्राने 'माझं चुकलं' म्हटलं, तर त्याच्या त्या बोलण्यावर तरी विश्वास कसा ठेवायचा?

भारतीय दर्शनांमध्ये या प्रश्नावर शतकानुशतकं खडाजंगी झाली. सातव्या शतकातले मीमांसक कुमारिल भट्ट यांची भूमिका अशी, की ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. समोर साप दिसला की तो साप आहे असंच माणूस धरून चालतो, प्रत्येक दर्शनाची साक्ष काढत बसत नाही. ते ज्ञान खोटं ठरतं ते दोनच वाटांनी. एक तर पुढे उलट ज्ञान होतं: दिवा आणला आणि दोरी दिसली. नाही तर ज्ञानाच्या साधनातच दोष आहे हे कळतं, म्हणजे डोळ्यांना कावीळ आहे हे ध्यानात येतं. नैयायिकांना हे पटत नव्हतं. त्यांच्या मते ज्ञानाचा खरेपणा बाहेरून ठरतो. पाणी दिसलं ते खरं की मृगजळ, हे तहान भागल्यावरच कळायचं.

जुन्या संगणकांचे एरर-मेसेज या वादाच्या शेजारी ठेवून पाहावेत. १९८१च्या आयबीएम पीसीत मेमरीच्या चिपा नऊ-नऊच्या ओळीत बसवलेल्या असत. माहिती आठच चिपा सांभाळत. नववीचं काम एवढंच, की बाकीच्या आठांमधल्या एकांची संख्या सम आहे की विषम याची नोंद ठेवायची. वाचताना हिशेब जुळला नाही की पडद्यावर 'पॅरिटी चेक' उमटे आणि यंत्र जागच्या जागी थांबे. मीमांसकांच्या भाषेत हे कारणदोषाचं ज्ञान: काय चुकलं ते माहीत नाही, पण साधन बिघडलंय एवढं नक्की. अर्थात दोन बिट एकदम उलटले, तर नववी चिप सगळं आलबेल असल्याचंच सांगणार. साधनाचा दोष दाखवणारं साधनही शेवटी साधनच. याच पिढीतल्या पीसींमधला सुप्रसिद्ध मेसेज आठवावा: कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा.

पण त्या काळातल्या बहुतेक पडझडी या दोन्ही वाटांनी कळण्यातल्या नव्हत्याच.

१९८४चा मॅकिन्टॉश आणि १९८५चा अमिगा या दोन्ही यंत्रांचा प्रोसेसर होता मोटोरोलाचा ६८०००. एका प्रोग्रामची मेमरी दुसऱ्यापासून वेगळी राखणारी यंत्रणा त्यात नव्हती. सगळे प्रोग्राम आणि खुद्द प्रणालीसुद्धा एकाच वाड्यात, मधे भिंती न घालता नांदत. एखाद्याने चुकीच्या पत्त्यावर चार आकडे लिहिले की ते निमूटपणे लिहिले जात. कुठे खळ्ळ नाही की खट्ट नाही. थोड्या वेळाने भलताच प्रोग्राम आपल्या जागेतले आकडे वाचायला जाई आणि कोसळे. पडद्यावर नाव यायचं ते या दुसऱ्याचं. ज्याने घोळ घातला तो नामानिराळा.

इथे कुमारिलांपेक्षा त्यांचे प्रतिस्पर्धी प्रभाकर जास्त उपयोगी पडतात. प्रभाकरांच्या मते भ्रम म्हणजे खोटं ज्ञान नव्हेच. शिंपला पाहून 'हे चांदी' म्हणणाऱ्याचं 'हे' खरं असतं आणि त्याला आठवलेली चांदीही खरी असते. या दोहोंमधला भेद तेवढा त्याच्या ध्यानात येत नाही. मॅकच्या मेमरीत नेमकं हेच होई. लिहिण्याची आज्ञा वैध, पत्ता वैध, आकडाही वैध. ही जागा कुणाची आणि ती कुणाची, एवढाच भेद यंत्राला ठाऊक नव्हता. ज्याला भेदच ठाऊक नाही, त्याला चूक घडताना दिसणार कशी? त्याला दिसतो तो परिणाम, तोही उशिराने आणि परक्याच्या दारात.

मॅकवर अशा वेळी बॉम्बचं चित्र यायचं. ते काढलं होतं सुझन केअर यांनी. सोबत दिलगिरीचं एक वाक्य, एक आकडा आणि दोन बटणं असत. त्यातलं 'रिझ्यूम' दाबून गाडी रुळावर आल्याचं भाग्य थोड्यांनाच लाभलं. अमिगावर काळ्या पडद्याच्या माथ्यावर लाल चौकट लुकलुके आणि आत लिहिलेलं असे 'गुरू मेडिटेशन', पुढे सोळा अंकांचा मंत्र. हे नाव कुठल्या आश्रमातून आलं नव्हतं. अमिगाच्या मंडळींनी आधी अटारीच्या खेळांसाठी जॉयबोर्ड नावाची एक फळी विकायला काढली होती. तिच्यावर उभं राहून, तोल सांभाळत खेळायचं. यंत्र कोसळलं की ही मंडळी त्या फळीवर मांडी घालून, जराही न हलता बसण्याचा प्रयत्न करत. डोकं थंड करण्याचा उपाय म्हणून तो वाईट नव्हता. मंत्राचा पहिला अर्धा भाग चुकीचा प्रकार सांगे आणि दुसरा ठेच कुणाला लागली ते. वाटेत दगड कुणी ठेवला, ते गुरूलाही माहीत नसे.

मल्टिक्सवर काम केलेले टॉम व्हॅन व्ह्लेक यांनी एक किस्सा नोंदवून ठेवला आहे. आपण मल्टिक्ससाठी लिहितो त्यातला निम्मा कोड चुकांतून सावरण्यासाठीच असतो, असं ते एकदा युनिक्सकर्त्या डेनिस रिची यांना म्हणाले. रिचींचं उत्तर असं, की ते सगळं आम्ही वगळलं. आमच्याकडे 'पॅनिक' नावाचं एक रूटीन आहे; ते चाललं की मशीन बंद पडतं, मग बोळातून हाक मारायची, अरे, रिबूट कर रे! ऐकणाऱ्याला हा आळस वाटेल. पण त्यामागे एक कडक निष्ठा आहे. आपल्या अंतरंगातली अवस्था खरी आहे याची खात्री उरली नाही, तर पुढचं एकही पाऊल टाकायचं नाही. खोट्या आधारावर डिस्कवर काही लिहिण्यापेक्षा न लिहिलेलं बरं.

विंडोज एनटीचा निळा पडदा याच निष्ठेचा. जगाने त्याची जेवढी टवाळी केली तेवढ्याला तो खासच लायक नव्हता. १९९३ साली आलेल्या एनटीत प्रोग्रामांमध्ये भिंती होत्या. त्यामुळे एखादा प्रोग्राम चुकला तर तेवढाच मरे. खुद्द गाभ्यात विसंगती सापडली, तर प्रणाली जाणूनबुजून स्वतःला थांबवे, मेमरीचा पंचनामा डिस्कवर उतरवे आणि पडदा निळा करे. रंगामागे काही गूढ नव्हतं. तो पडदा लिहिणारे जॉन व्हर्ट ज्या यंत्रावर काम करत, तिथे निळ्यावर पांढरी अक्षरं आधीपासूनच होती.

विंडोज ९५ आणि ९८ची गोष्ट वेगळी. त्यांच्या भिंती अर्ध्याच होत्या. जुने डॉसचे आणि सोळा बिटांचे प्रोग्राम चालावेत म्हणून प्रणालीची काही मेमरी सताड उघडी ठेवलेली होती. त्यांचा निळा पडदा जीवघेणी चूक झाल्याचं सांगून वर 'कुठलीही कळ दाबा आणि पुढे चला' असंही म्हणे. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने ही मोठीच तडजोड. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांच्यादेखत स्कॅनर जोडताना विंडोज ९८ने तो पडदा भर सभेत दाखवला आणि टाळ्या-हशांचा पाऊस पडला. याहून बोलका दोष मात्र गाजावाजा न होता सापडला. या प्रणाली सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद ३२ बिटांत मोजत. ती मोजणी ४,२९,४९,६७,२९६ला, म्हणजे ४९.७ दिवसांनी, पुन्हा शून्यावर येई आणि मशीन हँग होऊ शके. मायक्रोसॉफ्टने यावर दुरुस्ती दिली ती १९९९मध्ये, विंडोज ९५ येऊन साडेतीन-चार वर्षं झाल्यावर. विंडोज ९५ सलग ४९ दिवस चालू राहिलेलं पाहणारा तोवर किती जणांना भेटला असेल, हा विचार ज्याने त्याने करावा.

याच प्रणालींनी अपराधाचा बोजा उचलून भलत्याच्या खांद्यावर टाकला. 'या प्रोग्रामने बेकायदा कृती केली आहे, तो बंद करण्यात येईल', हे वाक्य इंग्रजीत समोर आलं की सायबर कॅफेत नवशिक्या पोरांच्या पोटात गोळा येई. वाक्यात दोष प्रोग्रामचा होता, पण हात माऊसवर कुणाचा होता? मशीन पुन्हा सुरू केलं की स्कॅनडिस्क यायचं आणि बजावायचं, विंडोज नीट बंद न केल्यामुळे डिस्कवर चुका असू शकतात. हा संदेश पुन्हा नको असेल तर नेहमी स्टार्ट मेनूतूनच बंद करत जा. विंडोज स्वतः कोसळलेलं असलं तरी हेच. महाराष्ट्रात लोडशेडिंगच्या दिवसांत वर्ग चालू असताना लाइट जायची, यूपीएसने मान टाकलेली असायची आणि लाइट आली की दहा-बारा मशिनी ओळीने हीच तंबी देत बसायच्या. प्रायश्चित्त कर्त्याला सांगावं असा धर्मशास्त्राचाही नियम आहे; इथे ते साक्षीदाराला सांगितलं जाई. त्यातून एका अख्ख्या पिढीने धडा घेतला तो असा, की मेसेज वाचायचा नसतो, ओके दाबायचं असतं.

ही सवय किती महाग पडते ते थेराक-२५ने दाखवलं. कॅनडात बनलेलं हे कर्करोगावरच्या किरणोपचाराचं यंत्र. त्याचा कारभार पीडीपी-११ संगणकावरच्या खास लिहिलेल्या प्रणालीकडे होता. मार्च १९८६मध्ये टेक्सासमधल्या टायलर गावच्या केंद्रात ऑपरेटरने उपचाराचा प्रकार चुकून क्ष-किरण असा टाइप केला, लगेच वर जाऊन तो इलेक्ट्रॉन असा दुरुस्त केला आणि किरण सुरू केले. दुरुस्ती इतक्या चपळाईने झाली, की यंत्राच्या एका भागाला ती कळली आणि दुसऱ्याला कळलीच नाही. पडद्यावर आलं 'मालफंक्शन ५४'. माहितीपत्रकात त्याचा खुलासा 'डोस इनपुट २' एवढाच. मात्रेचा आकडा तर मात्रा फारच कमी गेल्याचं दाखवत होता. असे मेसेज रोजचेच होते आणि 'पी' दाबलं की काम पुढे सरके. ऑपरेटरने 'पी' दाबलं. रुग्णाला दुसऱ्यांदा झटका बसला. त्या दिवशी खोलीतला कॅमेरा आणि ध्वनिवाहिनी दोन्ही बंद होते. ठरवलेली मात्रा १८० रॅड होती. शरीरात गेली ती १६,५०० ते २५,००० रॅड असावी, असा नंतरचा अंदाज. पाच महिन्यांनी तो रुग्ण वारला. १९८५ ते १९८७ या काळात या यंत्राचे असे सहा अपघात नोंदले गेले.

इथे कुमारिलांचा निकष पुरा पडत नाही. उलट ज्ञान यंत्राला झालं होतं, त्याने ते बोलूनही दाखवलं होतं. पण चूक कळणं आणि चूक कबूल करणं यांत ऐकणारा असतो. ज्या कबुलीतून ऐकणाऱ्याला काहीच उमगत नाही आणि जिच्यापाठोपाठ पुढे चालण्याची कळ तयार असते, तिला कबुली तरी का म्हणावं?

टायलरच्या अपघाताच्या सतरा वर्षं आधी, २० जुलै १९६९ रोजी, चंद्रावर उतरणाऱ्या अपोलो-११च्या संगणकानेही असाच एक कोरडा आकडा दाखवला होता: १२०२. भेट-रडारकडून येणाऱ्या निरर्थक संकेतांत त्याचा वेळ वाया जात होता आणि कामं आवरेनाशी झाली होती. हा संगणक अडून बसला नाही आणि रेटत पुढेही गेला नाही. स्वतःला रिस्टार्ट करून, कमी महत्त्वाची कामं टाकून देऊन त्याने उतरण्याचं काम तेवढं धरून ठेवलं. काय सोडता येईल हे हॅल लॅनिंग यांच्या रचनेत आधीच ठरलेलं होतं. जमिनीवरही तयारी होती. काही आठवड्यांपूर्वीच्या सरावात अशाच एका अलार्मवर नियंत्रण कक्षातले स्टीव्ह बेल्स यांनी मोहीम सोडून द्यायला सांगितलं होतं आणि ते चुकीचं ठरलं होतं. त्यानंतर जॅक गार्मन या चोवीस वर्षांच्या तरुणाने सगळ्या अलार्मांची यादी हाताने लिहून जवळ ठेवली. १२०२ आला तेव्हा त्या यादीच्या भरवशावर 'गो' म्हणता आलं. आकडा टेक्सासइतकाच मुका होता. त्याचा अर्थ जाणणारं माणूस मात्र जागेवर होतं.

रिचींच्या 'पॅनिक'नेही असं माणूस बोळात असल्याचं गृहीतच धरलं होतं. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबर-सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटमधल्या नोंदीत २१ रकाने होते आणि ती वाचणाऱ्या कोडकडे माहिती २०चीच होती. एकविसावा शोधायला गेलेला ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात नको तिथलं वाचू लागला. गाभ्याने शिकवल्याप्रमाणे स्वतःला थांबवलं, तेही मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख यंत्रांवर. भारतातल्या काही विमानतळांवर त्या दिवशी बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. दुरुस्ती सोपी होती: सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल खोडायची. पण पुष्कळ यंत्रं विमानतळांच्या पडद्यांमागे, दुकानांत आणि इस्पितळांत विखुरलेली होती आणि ती फाइल खोडायला त्या प्रत्येकापाशी कुणाला तरी चालत जावं लागत होतं.