दात्याचा धर्म

धर्माच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यास एक प्रश्न पदोपदी विचारला जातो. अमुक राजा कोणत्या धर्माचा होता? अमुक देणगी देणारी बाई कोणत्या धर्माची होती? प्रश्न इतका साधा वाटतो की त्यात विचार करण्यासारखे काही असेल, हे पुष्कळांच्या मनातही येत नाही. विचारणारा पुष्कळदा उत्तर आपल्या पदरी घेऊनच आलेला असतो. त्याखाली मृताची सही तेवढी त्यास हवी असते. मेलेल्या माणसांस असे आपल्या पक्षाचे साक्षीदार करून उभे करण्याचा आपणांस अधिकार तो कितपत, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. नाशिकजवळच्या अंबड गावी आज कारखान्यांची मोठी वसाहत आहे. तेथून मुंबई-आग्रा रस्त्यापलीकडे नजर टाकिली असता जो निमुळता डोंगर दिसतो, तो आमच्या कामास पुरेसा आहे.

लोक त्यास पांडवलेण्यांचा डोंगर म्हणतात. पांडवांचा त्याशी काही संबंध नाही. तेथील कोरीव लेखांत त्याचे नाव त्रिरश्मी असे आहे, आणि चोवीस लेणी जी आहेत ती बौद्ध भिक्षूंच्या वस्तीसाठी खोदलेली आहेत. पुढे अकराव्या लेण्यात जैन मूर्ती आल्या. एकाच खडकावर तीन परंपरांनी आपापला हात ठेविला आहे. तथापि आमचे लक्ष त्याहून जुन्या गोष्टीकडे, म्हणजे ज्यांनी ही लेणी मूळ दिली त्या माणसांकडे आहे.

दहाव्या लेण्याचा दाता उषवदात हा क्षहरात राजा नहपान याचा जावई. जातीने शक. त्याने आपल्या दानांची जी यादी कोरविली आहे ती वाचताना आजच्या वाचकाची बुद्धी चक्रावते. तीन लक्ष गाई दिल्या; देवांस व ब्राह्मणांस सोळा गावे दिली; दरवर्षी लक्ष ब्राह्मणांस भोजन घातले; पुष्कर तीर्थी अभिषेक करून आणखी तीन हजार गाई व एक गाव दिला; तापी, दमणगंगा वगैरे नद्यांवर फुकट नावा ठेविल्या; चरक म्हणविणाऱ्या परिव्राजकांच्या परिषदांस नारळीची बत्तीस हजार झाडे दिली. आणि एवढे सांगून झाल्यावर तोच मनुष्य म्हणतो की त्रिरश्मी पर्वतावर हे लेणे आपण चारी दिशांच्या भिक्षुसंघासाठी करविले. भिक्षूंच्या अन्नासाठी त्याने एक शेत चार हजार कार्षापण मोजून विकत घेतले, व ते विकणारा वाराहीपुत्र अश्विभूती हा ब्राह्मण होता! वस्त्रांसाठी त्याने गोवर्धन येथील साळ्यांच्या एका श्रेणीकडे दोन हजार कार्षापण कायमचे ठेविले. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, व्याज तेवढे खावयाचे. दरमहा शेकडा एक या दराने वर्षाचे दोनशे चाळीस होतात. वर्षावास करणारे भिक्षू वीस, व प्रत्येकास बारा. हिशेब चोख आहे. हा मनुष्य भावनेच्या भरात दान करीत नव्हता.

आता तो ब्राह्मणधर्माचा की बौद्धधर्माचा? पहिल्या पक्षाने गाई मोजाव्या, दुसऱ्याने चीवरे मोजावी. तिसरा एक पक्ष आहे, व तो सध्या सभासंमेलनांतून फार लोकप्रिय आहे. तो म्हणतो, पहा, आपले पूर्वज किती सहिष्णु होते! ह्या तिसऱ्या पक्षावर लोकांचा राग नसतो, म्हणून त्याची तपासणीही होत नाही. वस्तुतः तीच अधिक कसून झाली पाहिजे.

ह्या तपासणीस गौतमी बलश्रीचा लेख उपयोगी पडतो. नहपानाच्या कुळाचा उच्छेद करणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीची ही माता. नातू पुळुमावी याच्या एकोणिसाव्या वर्षी तिने तिसऱ्या क्रमांकाचे लेणे भद्रयानीय निकायाच्या भिक्षूंस दिले, आणि त्या दानलेखात आपल्या मृत पुत्राची स्तुती केली. ती कशी? तो 'एकबम्हण' होता, त्याने क्षत्रियांचा दर्प मोडला, क्षहरातांचा वंश निःशेष केला, चातुर्वर्ण्याचा संकर थांबविला. ही प्रशस्ती भिक्षूंच्या दारावर कोरलेली आहे. वर्णसंकर थांबविल्याचा अभिमान आणि निकायास दिलेले निवासस्थान ही दोन्ही एकाच शिळेवर, एकाच वृद्ध स्त्रीच्या तोंडी, कसलाही संकोच न होता येतात. सहिष्णुता हा शब्द येथे बसत नाही. सहन करावयाचे म्हणजे आधी काही खुपले पाहिजे. बलश्रीला काही खुपत होते असे दिसत नाही. आणि जे तिच्या कुळास खरोखर खुपले, त्या क्षहरातांस कोणी सहन केले नाही. जोगलटेंभी येथे १९०६ साली नहपानाची तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली, त्यांपैकी बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारिलेला आहे. उषवदाताच्या ताब्यातील दोनशे निवर्तने जमीनही अशीच हात बदलून, विजेत्याच्या आज्ञेने, त्रिरश्मीच्या भिक्षूंकडे गेली.

येथे व्यवहारी वाचक म्हणेल की मग हे सारे राजकारणच. भिक्षूंमागे व्यापारी होते, व्यापारी घाटांतून कल्याण-शूर्पारकाकडे जात, त्यांस हाताशी धरणे शहाणपणाचे होते. यात तथ्य आहे, पण सर्व तथ्य यात नाही. सतराव्या लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त हा उत्तरेकडून आलेला यवन. नावात दोन वैदिक देव घेऊन त्याने बुद्धांच्या पूजेसाठी लेणे खोदविले व पुण्य आईबापांस दिले. आभीर राजा ईश्वरसेन याच्या कारकिर्दीत विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने श्रेणींकडे ठेवी ठेविल्या, त्या आजारी भिक्षूंच्या औषधासाठी. ह्या दोघांस कोणते राज्य टिकवावयाचे होते? आजाऱ्यास औषध मिळावे अशी इच्छा करणाऱ्या बाईच्या मनात राजकारण शोधणारा विद्वान आमच्या मते चतुर असेल, चांगला वाचक नव्हे.

हे लेख शेजारी शेजारी ठेवून पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. पंथभेद दाता आपल्यापुरता सांगत नाही. तो घेणाऱ्याच्या ठिकाणी सांगितला जातो. भद्रयानीय कोण, चरक कोण, चारी दिशांचा संघ कोणता, हे दाता काळजीपूर्वक लिहितो, कारण दान योग्य पात्री पोचले पाहिजे. स्वतःविषयी मात्र तो कुणाचा जावई, कुणाची माता, कुठला रहिवासी हे सांगतो. विष्णुदत्तेप्रमाणे कोणी उपासिका म्हणवून घेतले तरी तिचे शक असणे व तिचे विष्णूचे नाव त्याने पुसले जात नाही. व्रत घेणाऱ्यास संप्रदाय होता; संसार करणाऱ्यास पुण्य हवे होते, आणि पुण्याची शेते अनेक होती. दोन एकादश्या करून पीराच्या उरुसासही जाणारी घरे ज्याने खेड्यांत पाहिली आहेत, त्यास हे नवे वाटू नये. खानेसुमारीच्या तक्त्यातील धर्माचा रकाना एकच नाव मागतो. उषवदातास तो भरता आला नसता.

परंतु येथे थांबणे फार सोयीचे होईल, आणि सोयीचे निष्कर्ष ह्या विषयात संशयास्पद असतात. ह्याच नाशकात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारी सत्याग्रह सुरू झाला. ज्यांस आत जावयाचे होते त्यांचा धर्म कोणता याविषयी कोणास शंका नव्हती. तरी दार बंद राहिले. १९३५ साली ह्याच जिल्ह्यातील येवल्यास डॉ. आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले, व १९५६ साली नागपुरास बौद्धधर्माची दीक्षा घेतली. त्यानंतर जो मनुष्य त्रिरश्मीच्या पायऱ्या चढून 'ही लेणी आमची' म्हणतो, त्याच्यासमोर उषवदाताच्या गाई मोजून दाखविणे हा विद्वत्तेचा दुरुपयोग होय. तो इतिहासाचे प्रमेय मांडीत नाही. आपणांस कोणते दार उघडे आहे ते सांगत आहे. मात्र त्याच्या समाधानासाठी लेखातील गाई गाळाव्या, हेही आम्हांस मान्य नाही. दोन्ही गोष्टी एका वेळी संभाळणे कठीण आहे, पण अशक्य नाही. रा. गो. भांडारकरांनी १८७४ च्या लंडन येथील प्राच्यविद्यापरिषदेसाठी ह्याच लेखांवर निबंध लिहिला. ते प्रार्थनासमाजाचे निष्ठावंत उपासक होते, एकेश्वरी होते. तथापि शकाने ब्राह्मणांस काय दिले आणि भिक्षूंस काय दिले हे त्यांनी लेखात जसे होते तसे वाचले. आपली श्रद्धा त्यांनी लपविली नाही व उषवदाताच्या गळ्यातही घातली नाही.

तटस्थपणाचा अर्थ मौन असा मात्र कोणी करू नये. त्या भव्य यादीत, गाई आणि गावे यांच्या मध्ये, एक वाक्य असे आहे की प्रभास तीर्थी उषवदाताने ब्राह्मणांस आठ बायका दिल्या. पुष्कळ व्याख्याते दानशूरतेचे वर्णन करिताना ते वाक्य ओलांडून जातात; काही म्हणतात, त्याने विवाहाचा खर्च केला असेल. असेलही. शेत विकणाऱ्या अश्विभूतीचे नाव, त्याच्या आईचे नाव, शेत नगराच्या कोणत्या दिशेस होते ते, आणि मोजलेली किंमत, हे सर्व दगडात आहे. त्या आठ जणींपैकी एकीचेही नाव नाही.