आधी मूल ओळखा, मग शेरा लिहा

बसा, सर. वर्णनात्मक नोंदींची ही वही तुमचीच ना? पहिलीच्या नऊ मुलांपुढे एकच शेरा: ‘बोलत नाही. प्रगती नाही.’ बोलत नाहीत हे कोणी सांगितलं तुम्हाला? मधल्या सुट्टीत व्हरांड्यात उभे राहून ऐका, क्षणभर तोंड मिटत नाही त्यांचं. ती कोरकू बोलतात. मेळघाटात नोकरी करता आणि एवढं ठाऊक नाही? कोरकू ही मराठीची बोली नव्हे. ती मुंडा कुळातली भाषा आहे, संथाळी-मुंडारीच्या गोतातली. तुमचं ‘वह्या काढा’ त्या सहा वर्षांच्या जिवाला नुसता आवाज वाटतो. मग तुम्ही आवाज चढवता! ओरडून सांगितलं म्हणून परकी भाषा कळते होय?

पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी कोरकू आहेत. चौथीतल्या पोरींना दोन्ही भाषा येतात. त्यांना कधी वर्गात बोलावलंत? वर्ष होत आलं, अजून तुम्हाला पाणी मागण्याइतकी कोरकू येत नाही, याची लाज वाटू द्या. मुलांना आधी त्यांच्या भाषेत गोष्ट सांगू द्या. तिचाच हात धरून मराठी येईल.

खिडकीजवळचा मुलगा पुस्तक नाकाला लावून वाचतो. त्याला आळशी ठरवलंत, डोळे तपासायला पाठवलं नाहीत. दिवाळीनंतर आईबापांबरोबर मजुरीला गेलेली पोर होळीला परतली, तर तिला मागे बसवून टाकलंत. बुडालेले महिने तिनं एकटीनं भरून काढायचे?

2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम 24 काढून वाचा. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जोखणं, लागेल तिथं जादा शिकवणं, पालकांना नियमित भेटणं ही शिक्षकाची कर्तव्यं म्हणून लिहिली आहेत. उपकार म्हणून नव्हे. मुलांना मानसिक त्रास द्यायला कलम 17 नं मनाई केली आहे. यापुढे वर्गात ‘ढ’ हा शब्द मला ऐकू येता कामा नये.

आणि ‘पालक सभेला येत नाहीत’ हे रडगाणं पुरे. उजाडताच कामावर जाणाऱ्या बापानं तुमच्या अकराच्या सभेसाठी रोज बुडवायचा? तुम्ही जा त्याच्याकडे. आज पाचची एसटी सोडा, मुक्काम माझ्याकडे करा. दिवेलागणीला माणसं घरी येतात, तेव्हा ढाण्यात, म्हणजे त्यांच्या वस्तीत, पहिल्या घरी जाऊ. मावशींना सोबत घेऊ, बोलणं त्या समजावतील. पोर घरी काय करतं, कशात रमतं, आजारी असतं का, ते विचारा आणि निमूट ऐका. उरलेल्या आठ घरांचे वार तिथूनच ठरवू.