कागदी कुबुश

वॉर्सा शहरात विस्तुला नदीच्या काठी पोविश्ले नावाची वस्ती आहे. तिथल्या एका घरात आजोबा आणि त्यांची बारा वर्षांची नात कागदाची चिलखती गाडी करायला बसले होते. आजोबांना हा नाद लहानपणापासूनचा. पोलंडमध्ये 1957 साली 'मावी मोडेलाश' हे मासिक सुरू झालं. जहाजं, विमानं, रणगाडे यांचे भाग त्यात छापून येत आणि पोरं ते कापून, दुमडून, चिकटवून उभे करत.

या वेळी नातीने 'कुबुश' निवडली होती. 1944 च्या ऑगस्टमध्ये वॉर्सा जर्मन सैन्याविरुद्ध उठलं, तेव्हा याच पोविश्लेतल्या लढवय्यांनी शेव्हरोले मालट्रकच्या सांगाड्यावर पोलादी पत्रे चढवून ही गाडी घडवली. एकेकटा पत्रा गोळी अडवायला पातळ, म्हणून तो दोन थरांत लावला. हे सगळं दोन आठवड्यांच्या आत झालं, तेही शहरावर बॉम्ब पडत असताना.

1 ऑगस्टला वस्तीतल्या वाचनालयात मुलांनी केलेल्या वस्तू मांडायच्या होत्या. नातीचे हात भराभर चालत होते. प्रमाण 1:25, म्हणजे खऱ्या गाडीचा एक मीटर इथे चार सेंटिमीटर. आतल्या सांगाड्याचे भाग तिने एक मिलिमीटरच्या पुठ्ठ्यावर चिकटवले. रात्रभर जड पुस्तकांखाली दाबून ठेवायचे, ते तासाभरातच काढले आणि ओलसर असतानाच एकमेकांत अडकवले. दुमडीच्या रेघेवरून कटरची बोथट बाजू फिरवायची, तीही गाळली. कागद नुसता हाताने मोडला.

सकाळी पुठ्ठा वाळून वाकला होता. समोरचा तिरपा पत्रा बाजूच्या पत्र्याला भिडेना. मधे नख जाईल एवढी फट.

"आजोबा, असू दे ना," ती म्हणाली. "खरी कुबुशसुद्धा त्यांनी घाईतच केली होती. तुम्हीच सांगितलंत."

आजोबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अगं, त्यांना वेळ कुठे होता? विद्यापीठात जर्मन ठाण मांडून बसले होते. 23 ऑगस्टला कुबुश तिथे चालून गेली. आपली माणसं आवारात शिरली, पण टिकता आलं नाही, मागे फिरावं लागलं. 2 सप्टेंबरला पुन्हा गेली. तेव्हाही जमलं नाही."

"म्हणजे हरलेच?"

"हो. पुढे महिनाभरात उठावच संपला. एक पत्रा वाळेपर्यंत थांबायची चैन त्यांच्यापैकी कोणाला नव्हती. तुला आहे. ती तू कशात घालवतेस?"

नात काही बोलली नाही. मुलांना गप्प करायला मोठी माणसं युद्धाचे दाखले देतात, ते मला आवडत नाही. पण आजोबा दाखला देत नव्हते. पोरीने त्या गाडीचं नाव घेतलं होतं, तर त्या नावाचा हिशेब ते तिच्यापुढे मांडत होते.

दुपारी तिने वाकलेला सांगाडा बाजूला काढला आणि नवा पुठ्ठा घेतला. भाग कापले, चिकटवले, पुस्तकांखाली ठेवले आणि त्या दिवशी त्यांना हात लावला नाही. पुढचे पत्रे लावताना प्रत्येक तुकडा आधी डिंकाशिवाय जागेवर बसवून पाहिला. कापलेल्या कडेची पांढरी रेघ उठून दिसू नये म्हणून बारीक कुंचल्याने तिच्यावर करडा जलरंग फिरवला. कुठे रंग वर सांडला, तर तो तुकडा पुन्हा केला. तिरपे पत्रे एकमेकांना असे भिडले, की आजोबांनी सांध्यावरून बोट फिरवून नुसती मान हलवली.

1 ऑगस्ट उजाडला तेव्हा चाकं व्हायची होती. एकेका चाकाला पुठ्ठ्याच्या कितीतरी चकत्या, एकावर एक. दोघं तशीच खोक्यात गाडी घेऊन निघाली. वाटेत पाच वाजता भोंगे झाले. उठाव याच घटकेला सुरू झाला होता, म्हणून दरवर्षी शहर तेव्हा जागच्या जागी थांबतं. तीही दोघं थांबली, मग चालू लागली.

वाचनालयातल्या बाईंनी खोक्यात डोकावून पाहिलं. "अगं, हिला चाकं नाहीत. आज कशी मांडायची?"

"आज नका मांडू," नात म्हणाली. "चाकं अजून वाळतायत. वाळली की आणते."