सभासद कोण, कामगार कोण

वसईच्या भुईगावात आजही विहिरीच्या पाण्यावर पिकणाऱ्या वाड्या दिसतात. केळी, भाजी, फुलझाडं. वाडीवाल्याचं दुखणं मात्र पूर्वीपासून एकच: खर्च आज, पैसा माल विकल्यावर, आणि मधल्या दिवसांत सावकाराचं दार. वसईत त्यावर १९१८ मध्ये धर्मगुरू पी. जे. मोनीज यांनी उतारा शोधला. त्यांनी उभी केलेली पतसंस्था म्हणजेच पापडीची आजची बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक.

त्या काळी सरकार उंबऱ्याबाहेरच उभं होतं. १९०४ च्या कायद्याने पतसंस्थांना मान्यता दिली, १९१२ च्या कायद्याने इतर सहकारी संस्थांनाही. निबंधक नोंदणी करी, हिशेब तपासी. पैसा ज्याचा त्याचा.

स्वातंत्र्यानंतर सरकार घरात आलं. प्रवरा परिसरात शेतकरी नेते विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा केला. ग्रामीण पतपाहणीच्या १९५४ च्या अहवालाने तर सहकारात शासनाने भागीदारच व्हावं, असं सुचवलं. भागभांडवल आलं, कर्जाला हमी आली. महाराष्ट्राचं राजकारण त्यावर पोसलं, हे वेगळं सांगायला नको. पण कारखान्याचा सभासद ऊस पिकवणारा. गव्हाणीपाशी राबणारा कामगार किंवा बीडहून कोयता घेऊन येणारं जोडपं मालकाच्या यादीत नाही.

कामगारालाच मालक करण्याचे प्रयत्न त्यामानाने तुरळक. राज्याने सरकारी बांधकामांचा ठरावीक वाटा मजूर सहकारी संस्थांसाठी राखून ठेवला. हेतू चांगला होता. पण मजुराच्या नावावर ठेकेदारच सभासद होतो, ही तक्रारही तितकीच जुनी. मुंबईत कुर्ल्याचा बंद पडलेला कमानी ट्यूब्स कारखाना १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने कामगारांच्या सहकारी संस्थेकडे आला. सुरुवातीला तो चाललाही. पुढे तो प्रयोग टिकला नाही.

पुण्यात वेगळीच वाट सापडली. कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांच्या संघटनेतून उभी राहिलेली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करते. इथे सरकार भागधारक नाही, सावकारही नाही. ते काम देतं. सेवाशुल्क नागरिक भरतात. बहुसंख्य सभासद बाया, आणि काम करणारी तीच मालकीण. अनुदानापेक्षा खात्रीचं काम मोलाचं, हे इथे दिसतं. अर्थात कराराच्या नूतनीकरणाची टांगती तलवार दर वेळी असतेच.

केंद्रात २०२१ मध्ये स्वतंत्र सहकार मंत्रालय आलं. पात्र स्टार्टअपमध्ये समभाग मिळणाऱ्या कर्मचाऱ्यांना २०२० पासून कर भरायला सवड मिळाली. या दोन्हींच्या मधे वसईच्या वालीव, सातिवली, गोखिवरे भागातले गाळे राहून जातात. दहा-बारा कामगार, दोन-चार यंत्रं, एक मालक. इटलीने १९८५ मध्ये मार्कोरा कायदा केला आणि बुडणारा धंदा विकत घेऊ पाहणाऱ्या कामगारांमागे सरकारी भांडवल उभं केलं. ब्रिटनने २०१४ पासून कर्मचाऱ्यांच्या विश्वस्त निधीला धंदा विकणाऱ्या मालकाला करसवलत दिली. आपल्याकडे मालक थकला आणि मुलांनी दुसरी वाट धरली, की गाळा भाड्याने जातो आणि यंत्रं भंगारात. वीस वर्षं त्याच यंत्रावर हात बसलेला माणूस शेजारच्या गाळ्यात काम आहे का, विचारायला जातो.